शटरच्या टीव्हीचं पोट

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवाल्याचा तराजू, दूधवाल्याचं माप, शेजारणीचं "सहज आली होती", यातल्या कशावरच माझा पटकन विश्वास बसत नाही. आयुष्यभर प्राथमिक शाळेत पोरं शिकवली. ज्या पोराचे हात पाठीमागे, त्याच्या हातात काहीतरी असतंच. त्यामुळे साकोलीच्या आमच्या घरात नवऱ्याने माझ्या वडिलांचा शटरवाला टीव्ही मागच्या खोलीत नेऊन उघडला, तेव्हाच मला वाटलं की कुठेतरी पाणी मुरतंय.

टीव्ही म्हणजे लाकडी पेटीच ती. चार पाय, समोर दोन्हीकडे सरकणारं पट्ट्यांचं शटर, अन् उजवीकडे चॅनल बदलायचा गोल खटका. माझं माहेर गोसीखुर्दच्या धरणात गेलं तेव्हा वडिलांनी सामान वाटलं, त्यात हा माझ्या वाट्याला आला. बंद पडून जमाना झाला होता, पण मी त्यावर कापड टाकून फुलदाणी ठेवत असे. नवरा वीज कंपनीतून निवृत्त झालेला, हातात कला आहे. म्हणाला, पोराचा कॉलेजातला कॉम्प्युटर माळ्यावर पडला आहे, तो यात बसवतो. गाणी, फोटो, जुन्या कॅसेटी, सगळं यातच दिसेल. मी विचारलं की भिंतीवर मोठा टीव्ही आहे, हातात मोबाईल आहे, मग हा उपद्व्याप कशाला? तर म्हणे रिकामपण आहे. दुपारी जेवला की चार वाजेपर्यंत घोरणारा माणूस, त्याला कसलं आलंय रिकामपण!

माझा संशय उगाच नव्हता. माहेरचं गाव उठणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कोण कधी उठणार हे भाऊ भावाला सांगत नव्हता. सांगितलं म्हणजे आपण आधी हार मानली असं झालं असतं. तरी कळायचं. पावसाळ्याआधी आमच्याकडे घर फेरतात, म्हणजे छपरावरची कवेलू उतरवून, फुटकी बाजूला काढून, पुन्हा रचतात. ज्याने यंदा घर फेरलं नाही, तो चालला. मग जास्तीची खाट, पाट पाहुण्यांकडे जायचे. मग बैलबंडी जायची. आई दारात उभी राहून बघायची अन् म्हणायची, गेले हे. विचारलं तर तीच माणसं तोंडावर म्हणत, छे, आम्ही कुठं जातो.

आता आमच्या घरात काय चाललं होतं ते ऐका. दिवाळीच्या तोंडावर मी रंगाचं काढलं. दरवर्षी हाच माणूस शिडी लावून, डोक्याला पंचा बांधून रंग मारतो अन् मजुराला हात लावू देत नाही. यंदा म्हणाला, राहू दे, चांगलाच आहे रंग. मग घरातल्या बोळातला टीपॉय शेजारणीला देऊन टाकला, मला न विचारता. मग मोटरसायकल बपेरा गावच्या भाच्याला दिली. म्हणे आता बसच बरी. अन् पुण्याहून पोराचा दर फोनला एकच धोशा, आई-बाबा इकडे या, तिथलं घर काढून टाकू. फोन आला की नवरा अंगणात जाऊन बोलायचा.

त्यात तो टीव्ही. भिंतीवरचे फोटो उतरवून मोबाईलमध्ये काढले, तिथून पेटीत भरले. माझ्या भावाच्या लग्नाची कॅसेट दुकानातून भरून आणली. भीमगीतं भरली, दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, तिथल्या दंडारीच्या नाचगाण्यांची चित्रीकरणं भरली, नातीचं रांगणं भरलं. जो माणूस सगळं घर एका पेटीत भरतो, तो पेटी उचलूनच नेणार ना? हे घर आम्ही विटेवर वीट ठेवून बांधलं. माहेर पाण्याखाली गेलं तेव्हा मी ठरवलं होतं की आता या घरातून मी उठणार नाही. नवऱ्याला हे माहीत होतं. म्हणूनच लपवून करतोय, असं मी धरून चालले.

सुट्या भागांसाठी तो भंडाऱ्याला जायचा. सकाळच्या बसने जाऊन संध्याकाळी यायचा, अन् आणायचा काय, तर साबणाच्या वडीएवढा एक पंखा. पुढच्या खेपेला एक वायर. मी पिशवी चाचपून बघितली, दुसरं काही सापडलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणं त्याला आजवर कधी जमलं नव्हतं, म्हणून मला जास्तच राग यायचा. पिक्चर ट्यूब काढायच्या दिवशी त्याने मला खोलीबाहेर काढलं. बंद टीव्हीतही वीज साठून राहते म्हणे, झटका बसतो. असेल, पण दाराची कडी आतून लावायला कोणती वीज सांगते?

एकदा तो भंडाऱ्याला गेला असताना मी पेटीचं मागचं झाकण उघडलं. ट्यूबच्या जागी सपाट स्क्रीन बसवला होता, खाली कॉम्प्युटरची पाटी. त्या जुन्या खटक्याला कीबोर्डातली छोटी पट्टी जोडली होती, म्हणजे एकेका खट्टला एकेक बटण दाबल्यासारखं. पहिल्या खटक्यावर गाणी, दुसऱ्यावर दंडार, तिसऱ्यावर लग्न. वायरींना सोल्डरचे तांदळाच्या कणीएवढे डाग दिले होते, एकही इकडचा तिकडे नाही. मी झाकण लावलं. माणूस ठणठणीत आहे, हात ठणठणीत आहे, मग शिडीवर चढायला काय झालं?

घरातही नवीनच वळण लागलं होतं. हंडा हलवला की चिडायचा. चप्पल इथंच, खुर्ची तिथंच. माझ्या स्वयंपाकघरात येऊन साखरेचा डबा कुठे ठेवायचा हे मला सांगू लागला. आम्ही दोघं त्या डब्यावरून असे भांडलो की शेजारीण भिंतीपलीकडे गप्प झाली. मला वाटलं, सामानाची मोजदाद चालली आहे.

शेवटी मी पोराला फोन लावला. विचारलं, "तू अन् तुझे बाबा मिळून माझं घर विकून राहिले का?" तो गडबडला. म्हणाला, मी तर बोलावतोच, पण बाबाच नाही म्हणतात, दर वेळी विषय बदलतात. दुसरी बाई हे ऐकून शांत झाली असती. मी म्हटलं, बाप-लेकांनी एकच बोलायचं ठरवलं असेल. मग मी त्याला सगळं सांगितलं, रंगाचं, टीपॉयचं, गाडीचं. तो म्हणाला की दिवाळीला लवकर येतो अन् राहून बघतो बाबांचं काय चाललंय.

त्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारी नवरा मागच्या खोलीत फोनवर हळू आवाजात बोलत होता. मी बोळात गेले अन् खोलीच्या दाराशी, भिंतीला चिकटून उभी राहिले. फोन संपला. तो बाहेर आला अन् सरळ माझ्या खांद्यावर आदळला.

"कोन व्हय?" तो म्हणाला.

बोळात भर दुपारचा लख्ख उजेड होता. घरात आम्ही दोघंच होतो. पहिल्यांदा मला वाटलं नाटक करतोय, खोटं कशाला सांगू. मी मुकाट्याने हात त्याच्या कानाच्या बाजूला नेला, बोटं हलवली. त्याने मान वळवली नाही. हात समोर आणला तेव्हा पटकन धरला.

तो खाली, बोळातच बसला. मीही बसले. भंडाऱ्याच्या डॉक्टरने काचबिंदू सांगितला होता. बाजूचं दिसणं गेलं होतं, समोरचं नळीतून पाहावं तेवढं उरलं होतं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंबांनी टिकवायचं. थेंबांची बाटली तो पेटीत, खटक्याच्या मागे ठेवायचा. तिथे मी हात घातला नव्हता. उद्या समोरचंही गेलं तर खटके मोजून हवं ते लावता येईल, म्हणून हा सारा खटाटोप होता.

"मले काहून नाही सांगितलं?" मी विचारलं. माझा आवाज चढलाच.

"तू पोराले सांगितलं असतं. त्यानं दुसऱ्या दिवशी गाडी आणून दोघांले नेलं असतं. मले घर बदललं तरी चालते. तुले नाही चालत."

मी त्याच्या प्रत्येक गोष्टीत जाणं पाहत होते अन् हा माणूस राहायची तयारी करत होता. मला त्याची दया आली, अन् इतका राग आला की दोन थोबाडीत द्याव्या. अन् पोर तर निघणार होतं, मीच बोलावलेलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पोर आलं. मी त्या दिवसांत जेवढी बडबड केली तेवढी शाळेतही केली नसेल. पोराने बॅग वाटेत ठेवली की मी मोठ्याने म्हणायची, अरे ही बॅग इथं बोळात काहून ठेवली. वरणाची वाटी ताटात डावीकडे नसून उजवीकडे आहे, हे मी जेवणाच्या गप्पांत कोंबायची. नवऱ्याने टीव्हीचं शटर सरकवलं, खटका फिरवला, भावाचं लग्न लागलं. माझ्या माहेरचं अंगण, वडील मांडवात पाणी वाढताहेत. एरवी मी रडले असते. पण मी पोराचे डोळे पाहत होते, अन् ते स्क्रीनकडे नव्हते, बापाच्या हाताकडे होते. हा पोरगा माझा आहे, हे मी विसरले होते.

निघायच्या सकाळी तो अंगणात बापाच्या पाया पडला. बाजूने वाकला. नवरा फाटकाकडे तोंड करून उभा होता, तसाच उभा राहिला. पोर वाकलेलं, अन् डोक्यावर हात येईना. मी म्हटलं, अहो, आशीर्वाद द्या की. तेव्हा हात आला, पण हवेत चाचपडत आला.

पोर सरळ झालं अन् मला स्वयंपाकघरात घेऊन गेलं. पुण्याला गेल्यापासून त्याची बोली बदलली आहे, पण त्या वेळी आमच्याच बोलीत बोललं. "आई, बाबाले कधीपासून दिसत नाही? मी तिकडे खोली रिकामी केली आहे. आजच चला दोघं."

खोटं बोलायची सगळी तयारी मी केली होती. भाऊबीज आहे, मंडई आहे, पाहुणे येणार आहेत, काय काय ठरवलं होतं. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही.

"या घरात त्याईले सगळं दिसते," मी म्हटलं. "साखर कुठं, पाणी कुठं, मी कुठं. तू तिकडे नेशील ना, त्या दिवशी ते आंधळे होतील."

तो माझ्याकडे बघत राहिला. ही बाई आपल्या घरासाठी बोलते की बाबांसाठी, हे तो ताडत होता. मी नजर हलवली नाही, कारण ते मलाही सांगता आलं नसतं.