पदराच्या गाठीतले दाणे

आमगावच्या फलाटावर त्या बाई मला एकदाच भेटल्या. धान कापून झालं होतं आणि गावात हाताला काम उरलं नव्हतं, म्हणून नातीला घेऊन त्या मिरची तोडायला तेलंगणात निघाल्या होत्या. सहा-सात वर्षांची ती नात, हातापायांच्या काड्या झालेली, बोचक्याला टेकून पडली होती.

गाडीला उशीर होता. बाईंनी मांडीवर ताट घेतलं, त्यात रेशनचा तांदूळ ओतला आणि निवडायला बसल्या. खडे नव्हतेच. त्यांची बोटं नेमके थोडे पिवळट दाणे उचलत आणि पदराच्या टोकात टाकत.

मी पेशानं मास्तर, गप्प राहवलं नाही. म्हटलं, "बाई, ते दाणे सरकार मुद्दाम मिसळते. लोह, जीवनसत्त्वं घालून केलेले, ताकदीचे असतात. अशक्त पोरांसाठीच आहेत."

"पिलास्टिक आहे जी ते," त्या मान वर न करता म्हणाल्या. "जनम धानात गेला माझा. दाना वळखू येत नाही का मले? अन् एवढी ताकत त्यात राहती, तं आमी गाव कायले सोडलो असतो?"



गाडी दिसली. त्यांनी तांदूळ पिशवीत भरला आणि पदराच्या टोकाला गाठ मारली. मी विचारलं, "मग ते फेकून का देत नाही?"

"अन्न कोनी फेकते का?" गाठ कमरेला खोचत त्या म्हणाल्या. "पोरीले चांगला तांदूळ रांधीन. हे मी खाईन."