फाटकापाशी थांबलेली एसटी

केरू म्हात्रे तीस वर्षं एसटीचा ड्रायव्हर, आणि निवृत्त झाल्यावर रोह्याजवळच्या वरसे गावातल्या घराच्या ओटीवर त्याने काय मांडावं, तर आगगाडी. त्याची बायको शकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "जन्मभर एसटीची भाकरी खाल्ली, आनि म्हातारपनी रेल्वेच्या नादाला लागले." केरू हसायचा आणि हातातलं काम चालू ठेवायचा.

नाद तरी केवढा! मोडक्या छत्र्यांच्या काड्यांचे रूळ, पेणच्या गणपती कारखान्यातून मागून आणलेल्या प्लॅस्टरचे डोंगर. सकाळी पेपर आला की आधी गाड्यांच्या बातम्या. कुठे विजेवरच्या बस आल्या, कुठल्या स्टेशनचा फलाट उंच झाला, ते कात्रण वहीत चिकटवायचं आणि तोच बदल ओटीवरही करायचा. पेण ते रोहा सगळा मार्ग त्याने सात फुटांत बसवला होता.

मग एके दिवशी बातमी आली, की रस्त्यावर पूल झाल्यामुळे वाटेतलं एक फाटक कायमचं बंद. त्या दिवशी केरूने कात्रीला हात लावला नाही.

चोवीस वर्षांपूर्वी तो त्याच फाटकावर भरलेली बस घेऊन थांबला होता. पॅसेंजर गाडी त्याच्या डोळ्यांदेखत निघून गेली. रेल्वेचं वेळापत्रक त्याला तोंडपाठ, तेव्हा आता दुसरी गाडी नाही याची त्याला खात्रीच. तरी फाटकवाला शिवा फाटक उघडेना. केरूने हॉर्नवर हात दाबून धरला, खिडकीतून नको नको ते बोलला. शिवा बावटा धरून रुळांकडे तोंड करून उभा. आणि तेवढ्यात एकटं इंजिन, मागे एकही डबा नसलेलं, धडधडत समोरून गेलं. ते कुठल्या वेळापत्रकात असणार? फाटक उघडल्यावर केरूने मान खाली घालून बस काढली. घरी तो याबद्दल अवाक्षर बोलला नाही. पुढे कित्येक वर्षं रोज तिथून गेला, पण शिवाकडे बघायची त्याची छाती झाली नाही.

आता फाटकच गेलं. उद्या माणूसही गेला तर हे ओझं कुठे उतरवायचं? केरूने पेण गाठलं, विचारत विचारत निवृत्त शिवाचं घर शोधून काढलं, आणि आमची गाडी बघायला या, एवढंच सांगून आला.

शिवा रविवारी सकाळच्या गाडीने आला. वाकून त्याने सगळा मार्ग बघितला. मिटलेल्या फाटकापाशी काडेपेटीएवढी लाल एसटी उभी होती, शेजारी बावटा धरलेला फाटकवाला. फाटकवाला झकास जमलाय, असं तो म्हणाला. केरूने धीर करून त्या दिवसाचं सगळं सांगितलं, आपल्या शिव्यांसकट. शिवाला त्यातलं काही आठवेना.

"हॉर्न तर रोज कोन ना कोन मारायचाच," तो म्हणाला. "मी असं काय केलंय?"

"काय नाय केलंत. फाटक उघडलं नाय तुमी." केरूने त्या काडेपेटीएवढ्या एसटीवर बोट ठेवलं. "माझी पोर माझ्या बाजूला बॉनेटवर बसली होती त्या दिवशी. चार वर्साची. ती हाय, ती तुमच्यामुलं."

आतून चहा घेऊन येणारी सुरभी दारातच थांबली. माहेरपणाला आलेल्या त्या लेकीला हे आजच कळत होतं, आणि तिच्या मागे उभ्या शकूलाही. सुरभीने ट्रे खाली ठेवला आणि वाकून शिवाच्या पायांना हात लावला.

शिवा गडबडून उठला. नोकरीभर त्याने हजारो माणसं त्या फाटकावर अडवली होती, आणि त्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. त्यांतलं एक आज पहिल्यांदाच त्याच्या पाया पडलं होतं.