धुक्यात उभी राहिलेली थोरली

कुत्र्याला हात लावायची वेळ माझ्यावर पहिल्यांदा आली तेव्हा मी अडतीस वर्षांचा होतो. आमचं गाव रायगडच्या किनाऱ्यावर, मुसलमानांचा मोहल्ला. ओट्याशी कुत्रा आला की घरातलं कुणी ना कुणी हाड म्हणायचंच. त्याची लाळ कपड्याला लागली तर कपडा पुन्हा धुवायचा, असा शिरस्ता. त्यामुळे पुढे मी दुबईपासून तासाभरावरच्या वाळवंटात दोन शिकारी कुत्र्या सांभाळीन, असं कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

तोवर मी एका पोल्ट्री फार्मची गाडी चालवत होतो. राहायला बायको-मुलीसह शारजात, अल नहदाला. फार्मवर कोंबड्यांबरोबर फेझंटही वाढवायचे. फेझंट कोंबडीच्याच कुळातला. नर तांबूस, मान हिरवीगार, गळ्यात पांढरी कडी आणि हातभर लांब शेपूट. थंडीच्या मोसमात दर गुरुवारी मी हे पक्षी पिंजऱ्यांतून एका शिकारीच्या राखीव रानात पोचवायचो. इथे उघड्या वाळवंटात शिकारीला बंदी आहे. शिकार करायची ती परवाना असलेल्या, तारेचं कुंपण घातलेल्या रानात, तीही बंदुकीने नाही, ससाण्याने. आणि पक्षी फार्मवरचेच, त्याच दिवशी पहाटे झुडपांत सोडलेले.

तिथे कुत्र्यांचे उस्ताद होते. पाकिस्तानी पंजाबातले, साठीच्या घरातले. त्यांच्या वडिलांनीही तितरांच्या शिकारीसाठी कुत्रे शिकवलेले. माझी पिंजरे उतरवायची पद्धत ते दोन-तीन खेपा बघत राहिले आणि एक दिवस म्हणाले, "तुझ्या हातात पक्षी फडफडत नाहीत. माझ्याकडे काम करशील?"

आमचं बोलणं हिंदीत चालायचं, इथे मी ते मराठीत लिहितोय. मी म्हणालो, "उस्ताद, काम करीन. पण कुत्र्याची लाळ..."

"शिकारी कुत्र्याने धरलेलं हलाल आहे," ते म्हणाले. "आणि लाळ लागली तर धू की सात वेळा. पाणी काय कमी आहे इथे?"

तशी सुरुवात झाली. दोन्ही कुत्र्या पॉइंटर जातीच्या, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके. त्यांना कागदोपत्री मोठमोठी नावं होती, पण मी एकीला थोरली म्हणायचो, दुसरीला धाकटी. त्यांचं काम एकच. वाऱ्यावर पक्ष्याचा वास आला की पळता पळता जागच्या जागी थिजायचं. नाक पक्ष्याकडे, शेपूट ताठ, एक पाय उचललेला. भुंकायचं नाही, झडप घालायची नाही. माणूस येऊन पक्षी उठवीपर्यंत उभं राहायचं. मग वरून ससाणा येतो. याला पॉइंट म्हणतात, आणि थोरलीचा पॉइंट बघायला लोक लांबून यायचे.

माझं काम पहाटेचं. फेझंटची मान त्याच्या पंखाखाली दुमडायची, दोन्ही हातांत धरून हलके हलके झोका द्यायचा. पक्षी गुंगतो. मग त्याला झुडपाच्या बुडाशी ठेवायचं आणि पाय न वाजवता मागे यायचं. थोड्या वेळाने तो जागा होतो, पण सावलीत दडून बसतो. तीन हिवाळे मी हे केलं. कुत्र्या मात्र उस्तादच चालवायचे.

चौथ्या हिवाळ्यात, जानेवारीत, उस्तादांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. हॉस्पिटलात जायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी शिट्टी माझ्या हातात दिली. "थोरलीला काही शिकवू नकोस," एवढंच म्हणाले. "तिला येतं."

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी पाहुणे होते. सत्तरीचे एक अरबी गृहस्थ, त्यांची लेक आणि लेकीचा ससाणा. गृहस्थांना हिंदी चांगलं येत होतं, जुन्या पिढीतल्या पुष्कळ लोकांना इथे येतं. पांढरा स्वच्छ कंदुरा, म्हणजे घोट्यापर्यंतचा झगा, डोक्याला तसाच पांढरा रुमाल आणि तो बसवायला काळा गोफ.

त्या सकाळी मी दोन चुका केल्या. आठ पक्षी ठेवायचे होते. सात नीट ठेवले. आठवा हातातून निसटला आणि जमिनीलगत उडत कुंपणाच्या दिशेने गेला. अंधारात कुठे उतरला ते दिसलं नाही. मी मनात म्हटलं, जाऊ दे, एक कमी. कुणाला सांगितलं नाही. दुसरी चूक मोठी. कुत्र्या कुठे आहेत ते दाखवणारा एक पट्टा त्यांच्या गळ्यात असतो. तो रात्री चार्ज करायचा मी विसरलो. सकाळी त्याचा दिवा लाल लुकलुकत होता. तासाभराचा तर प्रश्न आहे, असं म्हणून मी तो थोरलीच्या गळ्यात बांधला.

पहिला पक्षी अगदी पुस्तकात असावा तसा झाला. थोरली थिजली, लेकीने ससाण्याच्या डोळ्यांवरची टोपी काढून त्याला सोडलं, तो वर चढला, मी झुडपाला हात घातला. पुढचं सगळं दोन श्वासांत संपलं. गृहस्थ माझ्याकडे बघून नुसतं हसले. मला वाटलं, जमतंय आपल्याला.

मग धुकं आलं. इथे थंडीत ते असंच येतं. ऊन पडायच्या बेतात असतं आणि समुद्राकडून पांढरी भिंत सरकत येते. लेकीने लगेच ससाण्याला टोपी घातली. "आता नाही," ती म्हणाली. तोवर थोरली समोरच्या वाळूच्या उंचवट्यापलीकडे गेली होती. मी शिट्टी मारली. हातातल्या यंत्रावर ती तीनशे मीटरवर दिसत होती. मी पाहत असतानाच तो ठिपका गेला. पट्टा संपला होता.

वीस मिनिटं मी शिट्टी मारत राहिलो. मग अर्धा तास. धाकटी गाडीत कण्हत होती. धुक्यात दहा पावलांपलीकडे काही दिसत नव्हतं. कुंपणापलीकडे सरकारी मोकळी जमीन आणि तिच्या कडेने खडीच्या ट्रकांचा रस्ता. ट्रकांचा आवाज मधूनमधून येत होता. शेवटी मी उस्तादांना फोन केला. सलाम न करताच म्हणालो, "थोरली सापडत नाही."

त्यांच्या मागे कुणा नर्सचा आवाज येत होता.

"किती वेळ झाला?"

"पाऊण तास."

"शिट्टी मारतोयस?"

"हो. सारखी."

"बंद कर," ते म्हणाले. "ती हरवलेली नाही. ती उभी आहे. पक्ष्यावर उभी असेल तर शिट्टीने येणार नाही, पण ऐकून तिचा जीव कासावीस होईल. पक्षी कुठे ठेवलेस ते आठव. वारा कुठून आहे ते बघ. आणि चालत जा, गाडी नेऊ नकोस."

मी फोन ठेवला. गृहस्थ शेजारीच उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. "यल्ला, चल, मी येतो," ते म्हणाले. मी नको म्हटलं, वाळूत चालायचं आहे. ते म्हणाले, "माझ्या गुडघ्याला अजून कुणी सुरी लावलेली नाही." लेक ससाण्याला घेऊन गाडीपाशी थांबली.

आम्ही एकेक झुडूप बघत गेलो. उरलेले सहा पक्षी मी जिथे ठेवले होते तिथले तिथे. एक उठून आमच्या पायांतून पळालाही. थोरली नाही. सहाव्या झुडपाशी मी थांबलो. आता बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"बाबा," मी म्हणालो, "आणखी एक पक्षी आहे. पहाटे हातातून सुटला. कुंपणाकडे गेला. मी कुणाला बोललो नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओरडतील असं वाटलं. त्यांनी फक्त विचारलं, "कुठल्या बाजूला?"

कुंपणाशी पोचलो. तारेखाली वाऱ्याने वाळू उकरून वीतभर फट पाडली होती, आणि त्या फटीत पंजांचे ठसे होते. ताजे. पलीकडे गेलेले, परत आलेले नाहीत.

मी पालथा पडून तारेखालून सरपटलो. मागे वळून पाहतो तर गृहस्थही कंदुरा गोळा करून वाळूत आडवे होत होते. मी तार वर धरली. ते बाहेर आले तेव्हा छातीपासून गुडघ्यांपर्यंत वाळू. झटकलीही नाही त्यांनी.

इकडे ट्रकांचा आवाज फार जवळून आल्यासारखा वाटत होता. ठसे शंभरेक पावलं दिसले, मग कडक जमीन लागली आणि संपले. गृहस्थांनी चिमूटभर वाळू सोडून वारा पाहिला आणि हाताने दिशा दाखवली. आम्ही निघालो. मी मनात जेवढ्या दुआ येत होत्या तेवढ्या म्हणत होतो. कुत्रीसाठी दुआ मागतोय याचं तेव्हा काही वाटलं नाही.

आधी मला एक घाफचं झाड दिसलं. इथल्या वाळवंटात एकेकटं उभं असतं तसं, फांद्या जमिनीपर्यंत आलेलं. मग झाडाशी काहीतरी पांढरं. मला वाटलं, गोणी उडून आलीय. जवळ गेलो तर ती थोरली.

ती उभी होती. नाक फांद्यांकडे, शेपूट ताठ. उचललेला पाय मात्र खाली टेकला होता, आणि मागचे दोन्ही पाय लटलट कापत होते. पाठीवर, भुवयांवर, मिशांवर धुक्याचे थेंब. आम्ही आल्याचं तिला कळलं, कान हलला. डोकं वळवलं नाही. घड्याळ पाहिलं, ती दिसेनाशी झाल्याला दोन तास होत आले होते.

गृहस्थ हळूच म्हणाले, "पक्षी आहे. ते बघ, शेपूट."

आता काय करायचं? कुंपणाबाहेर शिकार नाही. आणि फार्मचा पक्षी बाहेर सोडून द्यायलाही परवानगी नाही. शिवाय पक्षी तिथे असेपर्यंत थोरली हलणार नव्हती, आणि मला तिला ओढून न्यायचं नव्हतं. दोन तास उभं राहिलेल्या जीवाला ओढायचं कसं?

गृहस्थांनी डोक्याचा काळा गोफ काढून माझ्या हातात दिला, रुमाल सोडून दोन्ही हातांत पसरला आणि वाकून फांद्यांत शिरले. सत्तर वर्षांचा माणूस, वयाच्या मानाने फारच चपळ. एक फडफड झाली, एक अरबी शब्द ऐकू आला जो मी इथे लिहिणार नाही, आणि ते रुमालात गुंडाळलेला फेझंट काखेत धरून मागे आले. पांढरे केस विस्कटलेले, गालावर काट्याचा ओरखडा.

"खलास," ते म्हणाले, म्हणजे झालं काम.

मी थोरलीच्या कुशीवर हात ठेवला. "बस, बाई. झालं." ती अजून क्षणभर तशीच राहिली. मग गृहस्थांच्या काखेकडे पाहिलं, रुमालाचा एकदा वास घेतला आणि खाली बसली. बसली म्हणजे चारी पाय एकदम गेले. मी बाटलीतलं पाणी ओंजळीत ओतलं, ती प्यायली, आणि पिऊन झाल्यावर माझं मनगट, बाही, जे समोर आलं ते चाटत राहिली. मी हात मागे घेतला नाही. मी रडत होतो, आणि गृहस्थ शहाण्या माणसासारखे दुसरीकडे बघत होते.

तिला खांद्यांवर घेऊन परत आलो. वाटेत धुकं विरलं आणि ऊन पडलं. शिकार पुन्हा झाली नाही. लेकीने वडिलांचा अवतार पाहिला आणि हसता हसता तिला गाडीला टेकावं लागलं. जाताना गृहस्थ म्हणाले, "पक्षी आज मरायचा नव्हता. कुत्रीही नाही. चांगला दिवस."

मी उस्तादांना फोन लावला. सापडली म्हटल्यावर पलीकडून दीर्घ श्वास ऐकू आला. मग मी पट्ट्याचं सांगितलं, निसटलेल्या पक्ष्याचंही. वाटलं, शिट्टी परत द्यावी लागणार.

"पट्ट्याचं मला कळलं होतं," उस्ताद म्हणाले. "पट्टा चालू असता तर तू फोन कशाला केला असतास? तिचे पंजे बघ. काटा असेल तर काढ. आणि आज तिला भातात थोडं तूप घाल."

पंजांत दोन काटे होते. काढले. ती भात खाऊन झोपली, झोपेत पाय हलवत होती.

दुपारी घरी पोचलो. बायकोने दार उघडलं, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "आधी आंघोळ." जेवताना मी तिला आणि मुलीला सगळं सांगितलं. मुलगी दहा वर्षांची, शाळेत इंग्रजी बोलते तसंच घरी.

"सो शी जस्ट स्टुड देअर?" तिने विचारलं. "होल टाइम?"

"हो."

"वॉज शी स्केअर्ड?"

बायको म्हणाली, "घाबरले ते तुझे अब्बा." आणि माझ्या ताटात आणखी एक बांगडा वाढला. तो मी अर्धाच खाल्ला असेन. टेबलावर डोकं कधी टेकलं कळलंच नाही. जाग आली तेव्हा अस्राची, तिसऱ्या प्रहरची अजान होत होती, ताट उचललेलं होतं आणि कुणीतरी माझ्या अंगावर चादर टाकली होती.