एका स्टारचे उपकार

मोडकाकांचं सगळं आयुष्य वस्तू मोडण्यात गेलं, आणि त्याचा त्यांना पगारही मिळाला. कारखान्याच्या तपासणी विभागात बिजागऱ्या, स्प्रिंगा, बोल्ट असं काय काय त्यांच्याकडे यायचं. बिजागरी यंत्रावर लावायची, यंत्र ती उघडणार, मिटणार, पुन्हा उघडणार, आणि काका समोर स्टुलावर बसून ती कधी तुटते याची वाट बघणार. तुटली की स्वारी खूश! सगळ्या विभागाला चहा. "बरं झालं इथंच तुटली, कुणाच्या घरी नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. न तुटलेल्या वस्तूवर मात्र त्यांचा काडीचाही विश्वास नसे. लग्न त्यांनी केलं नाही, आणि त्यावरून विभागात जे विनोद व्हायचे ते इथं सांगण्यासारखे नाहीत.

निवृत्त झाल्यावर ते पुतणीच्या हॉटेलात राहायला आले. हॉटेल छोटंसं, मागच्या अंगाला घर. घरात पुतणी आणि तिची आई, म्हणजे काकांच्या वहिनी. काकांचे आईवडील गेले तेव्हा ते शाळेत होते. नव्यानंच लग्न होऊन आलेल्या वहिनींनी त्यांना जेवू घातलं, शिकवलं, आजारपणात उशाशी बसल्या. त्याबद्दल काका कधी एक शब्द बोलले नव्हते. बोलणार तरी काय? घरच्या माणसाचे आभार मानायचे म्हणजे त्यांना अवघडल्यासारखं व्हायचं.

हॉटेलात काकांचे हात स्वस्थ बसेनात. खुर्च्यांचे पाय हलवून बघ, दारं आपटून बघ. एकदा तर पाहुणा बसलेली खुर्चीच त्यांनी हलवली. शेवटी पुतणीनं हात टेकले आणि त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. "काका, लोक आपल्याबद्दल नेटवर लिहितात ना, त्यांना तुम्ही उत्तरं द्या."

आधीचा मॅनेजर सगळ्यांना एकच मजकूर चिकटवायचा. "झोप छान लागली" असं लिहिणाऱ्यालाही "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" असं उत्तर गेलेलं. काकांची तऱ्हा त्याहून निराळी. तक्रार आली की यांना कोण आनंद! "आपण हे ध्यानात आणून दिलंत, फार बरं झालं," असं भरभरून लिहायचे. आणि कुणी कौतुक केलं की विचारायचे, "आभारी आहोत. पण आपण खिडकीची कडी लावून पाहिली होती का?"

पुतणीनं कपाळावर हात मारून घेतला. "अहो काका, लोक इथं आराम करायला येतात, आपली तपासणी करायला नाही!" मग वाटणी झाली. कौतुक तिच्याकडे, तक्रारी काकांकडे.

अशात एक रिव्ह्यू आला. पाचपैकी एक स्टार. लिहिणाऱ्या बाई वयस्कर असाव्यात. खोली स्वच्छ, नाश्ता उत्तम, पण बाथरूममधली आधाराची दांडी धरून उठताना ती कुरकुरली, त्यामुळे दोन्ही दिवस भीत भीत आंघोळ केली, असं त्यांचं म्हणणं.

"कुरकुरली म्हणून एकच स्टार?" पुतणी भडकली. "राईचा पर्वत करतात लोक. लिहा, क्षमस्व म्हणून, आणि सोडून द्या."

काकांनी मात्र तो रिव्ह्यू पुन्हा वाचला. त्या दांड्या सगळ्या खोल्यांसाठी एकदमच आणल्या होत्या. एक उरली, ती काकांनी मागच्या घरात वहिनींच्या बाथरूममध्ये बसवली होती. खुब्याचं हाड मोडून वहिनी इस्पितळात होत्या आणि दुसऱ्या दिवशी घरी यायच्या होत्या. "आता पडू देऊ नका," डॉक्टरांनी बजावलं होतं. "पुन्हा पडल्या तर उभं राहणं कठीण." आणि काकांनी ती दांडी घाईघाईत, दुकानदाराच्या शब्दावर बसवली होती. जन्मभरात एवढी एकच वस्तू त्यांनी न तपासता लावली, आणि ती नेमकी वहिनींसाठी.

त्या बाई उतरल्या होत्या त्या खोलीत काका गेले आणि दांडी ओढून पाहिली. हूं की चूं नाही.

"बघा! भक्कम आहे," पुतणी म्हणाली.

"एकदा ओढून काय कळतंय? पोरी, लोखंडसुद्धा थकतं. लगेच सांगत नाही, एवढंच."

त्यांनी दांडी उतरवली, मागच्या अंगणातल्या लाकडी खांबावर स्क्रूनं आवळली आणि तिला दोर बांधला. यंत्र नव्हतं, तर स्वतः ओढू लागले. ओढायचं, सोडायचं, ओढायचं, सोडायचं. दमले तेव्हा आचाऱ्यानं दोर घेतला. "काका, ही तुटण्याआधी मी तुटणार," तो म्हणाला, पण ओढत राहिला.

दुपार झाली तरी दांडी तशीच. पुतणी तणतणत आली. "उद्या आई येणार, घरात शंभर कामं, आणि तुमचं हे काय चाललंय?" काकांचा चेहरा पाहिला मात्र, आणि ती जागीच थांबली. इतके घाबरलेले काका तिनं कधी पाहिले नव्हते. तिनं दोर हातात घेतला.

थोड्याच वेळात कट्कन आवाज आला आणि दोरासकट ती मागे जाऊन पडली. दांडी वेल्डिंगच्या सांध्यातच तुटली होती.

काकांच्या कारखान्यातल्या गोष्टी ऐकून पाठ झालेला आचारी ओरडला, "काका, चहा!"

काका हसले नाहीत. पायरीवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग उठून तडक वहिनींच्या बाथरूमकडे गेले.

संध्याकाळपर्यंत सगळ्या दांड्या उतरल्या. वहिनींसाठी नवी जाडजूड दांडी आली. तिला काका लोंबकळले, मग आचारी लोंबकळला, आणि त्याचं वजन काही चेष्टेचा विषय नव्हता. तेव्हा कुठे काकांचा जीव भांड्यात पडला.

वहिनी आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आंघोळीला गेल्या तेव्हा काका दाराबाहेर उभे होते. आतून हाक आली, "भाऊजी, उठले हो मी. माझी मी उठले."

काका तसेच कॉम्प्युटरपाशी जाऊन बसले. त्यांनी त्या अनोळखी बाईंना लिहिलं, "आमच्याकडच्या दांड्या खराब निघाल्या. सगळ्या बदलल्या. आपण लिहिलं नसतं तर आज माझ्या वहिनी पडल्या असत्या. आपले उपकार मी विसरणार नाही."

पुतणीनं वाचलं. "काका, तुमच्या वहिनी कोण, हे त्या बाईंना काय कळणार?"

काकांनी थोडा विचार केला आणि खाली आणखी लिहिलं, "वहिनी म्हणजे माझी आईच. मला आई नव्हती तेव्हा त्यांनी मला वाढवलं. माझं जे काही बरं झालं ते त्यांच्यामुळे."

वॉकर टेकत वहिनी कधी मागे येऊन उभ्या राहिल्या ते कुणालाच कळलं नाही. चष्मा सावरून त्यांनी सगळं वाचलं.

"हे मला कधी बोलला नाहीत, भाऊजी."

काका कानापर्यंत लाल झाले. "खोडू का? सगळं जग वाचेल."

"वाचू दे," वहिनी म्हणाल्या. "पाठवा."