पक्का रंग

राहात्याच्या सहादेवशेठनं भागिरथीच्या खो-खो संघाला बारा टी-शर्ट छापून दिले खरे, पण खताच्या जाहिरातीच्या उरलेल्या शर्टांवर रंग फासून. सामन्यात घामानं रंग उतरला अन् पोरींच्या पाठीवर युरिया झळकला. अख्खं मैदान हसलं. शेठ म्हणाला, “बारा नगाला एवढंच मिळतं.”

भागिरथी छपाई शिकली. सत्त्याण्णव साली तिनं शेठच्या दुकानासमोरच पाटी लावली, ‘एक टी-शर्टसुद्धा स्वस्तात छापून मिळेल.’

शेठच्या नव्या जावयानं क्रिकेट संघाचे अकरा शर्ट तिच्याकडूनच घेतले. छातीवर तिनं आपल्या दुकानाचं नाव ठळक टाकलं. दिवाळसणाला आलेला जावई तोच शर्ट घालून शेठच्या गादीवर बसला. गिऱ्हाइकं वाचत होती. शेठ दात-ओठ खात होता, पण जावयाला बोलायची कुणाची टाप!

समोरून भागिरथी ओरडली, “जावईबापू, बिनधास्त धुवा! ह्यो रंग न्हाई उतरायचा.”