आधी दुर्बीण

आर्मररकाका कधी कुणाकडे बोट दाखवत नसत. रेशनचं दुकान कुठे, असं कुणी विचारलं तरी पाचही बोटं जुळवून, तळवा उघडा धरून दिशा दाखवायचे. वर्तकनगरच्या आमच्या वसाहतीत नव्याने आलेल्यांना वाटायचं, हा माणूस काहीतरी मागतोय. मुलं बोटाचं पिस्तूल करून एकमेकांवर रोखायची, तेव्हा काका जाता जाता ते बोट हलकेच खाली दाबत आणि म्हणत, "बोट जमिनीकडे." रागावत नसत. दहा वेळा सांगावं लागलं तर दहा वेळा सांगत. माझ्या अमेयला त्यांनी शंभर वेळा तरी सांगितलं असेल.

पोलिसांच्या बंदुका दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, म्हणून हे नाव. आम्ही एकाच मजल्यावर राहत होतो. छत्री असो, स्क्रूड्रायव्हर असो, टोक खालीच. नोकरीची सवय असेल, असं मी धरून चालले होते. तीस वर्षांत त्यांना एकदाही कारण विचारलं नाही.

मला याद्या करायची सवय आहे. प्रवासाची, महिन्याच्या सामानाची, पाहुणे येणार असले की कामांची. फ्रिजवर चिकटवलेली यादी काका येता-जाता वाचत आणि एकच विचारत, "यात राहिलं काय?" मला राग यायचा, कारण काहीतरी राहिलेलं असायचंच. माझे सासरे गेले त्या सकाळीही मी यादी केली होती. कुणाला कळवायचं, गाडी, सामान, नवं धोतर. सगळे रडत असताना मी लिहीत होते, याबद्दल नंतर नणंद बोललीसुद्धा. काकांनी कागद हातात घेतला, वाचला आणि म्हणाले, "राहिलं काय? डॉक्टरचा दाखला." मग स्वतःच चपला घालून डॉक्टरांना आणायला गेले.

इमारत पाडून नवी बांधायची ठरली तेव्हा आम्ही पांगलो. काका लेकीकडे, सुनंदाकडे, टिटवाळ्याला गेले. तोवर त्यांची फुप्फुसं निकामी होत आली होती. मी महिन्यातून एखाद्या रविवारी जायचे. दर वेळी शहाडच्या पुलावर अडकायचे आणि दर वेळी काका विचारायचे, "पूल लागला ना?" खोलीत ऑक्सिजनचं यंत्र घरघरत असायचं. ते दोन वाक्यं बोलायचे आणि थांबायचे.

अमेय नोकरीसाठी अमेरिकेत गेला, त्याला दोन वर्षं झाली होती. तिथल्या मित्रांबरोबर त्याने हरणाच्या शिकारीला जायचं ठरवलं. परवाना काढला, जुनी रायफल घेतली. तिच्यावर बसवायला नेम धरायची भिंगाची नळी, म्हणजे स्कोप, तेवढा राहिला होता. मला फोन करून म्हणाला, "आई, काकांना विचार ना, स्कोप कुठला घेऊ? स्वस्तातला हवाय." मला ती कल्पना मुळीच आवडली नाही. पण मुलगा सव्वीस वर्षांचा, तिथला कायदा परवानगी देतो, आणि मी नको म्हटल्याने तो थांबणार नव्हता. जाणारच असेल तर नीट जाऊ दे. मी प्रश्नांची यादी केली आणि टिटवाळ्याला गेले.

काकांनी माझे प्रश्न बाजूला ठेवले आणि त्यांचे विचारले. जंगल दाट की मोकळं? किती लांबून मारणार? उजेड कितपत असतो? मी अमेयला मेसेज करून उत्तरं मिळवली. झाडी दाट, शंभर पावलांच्या आत, पहाटे किंवा संध्याकाळी. त्याच्या मनात नऊपट मोठं दाखवणारा स्कोप होता.

"मग नऊपट कशाला हवंय त्याला?" काका म्हणाले. "जितकं जवळ दिसतं, तितकं आजूबाजूचं दिसत नाही. चारपट पुरे. काच स्वच्छ हवी, कमी उजेडात दिसायला हवं. डोळ्यापासून चार बोटं लांब बसव म्हणावं, नाहीतर धक्क्याला भुवई फुटेल. आणि बसवायच्या क्लॅम्पमध्ये कंजूषी करू नकोस म्हणावं. ते ढिले, तर स्कोप कितीही भारी असून उपयोग नाही."

मी लिहून घेतलं. त्यांनी कागद मागितला, सगळ्यांच्या वर एक ओळ लिहिली आणि खाली रेघ मारली. 'आधी दुर्बीण.'

"गळ्यात घालायची, दोन डोळ्यांची," ते म्हणाले. "निम्मे पैसे तिला. उरतील त्यात स्कोप."

मी यादी अमेयला पाठवली. चार दिवसांनी त्याने दुर्बिणीचा फोटो पाठवला. तो मी काकांना दाखवला. काका बराच वेळ फोटोकडे बघत राहिले. मग मान हलवली आणि डोळे मिटून पडून राहिले. इतकं निवांत मी त्यांना त्या वर्षात पाहिलं नव्हतं.

शिकारीचा मोसम दोन आठवड्यांवर आला तेव्हा अमेय बोलता बोलता सांगून गेला की ती दुर्बीण मित्राची होती. "अगं, चांगला नऊपटवाला मिळाला सेलमध्ये. सगळे पैसे त्यातच गेले. आणि स्कोप असताना दुर्बीण कशाला? त्यातूनच दिसतं की. काकांना बरं वाटावं म्हणून फोटो पाठवला. तू बोलू नकोस त्यांना."

त्या रविवारी पुलावर गाडीत बसून मी ठरवलं होतं, बोलायचं नाही. आजारी माणूस, किती दिवस उरलेत कुणाला माहीत. पण आत गेले आणि काकांनी विचारलं, "मुलाची तयारी झाली? राहिलं काय?" त्या प्रश्नाला आजवर मी खोटं उत्तर दिलं नव्हतं. तेव्हाही देता आलं नाही.

"फोन लाव," काका म्हणाले.

तिकडे सकाळ होती. मी फोन स्पीकरवर ठेवला.

"अमेय, झुडपात काही हललं, तर बघणार कशातून?"

"स्कोपमधून, काका."

"म्हणजे आधी बंदूक रोखणार. मग कोण आहे ते बघणार."

काकांनी श्वास घेतला.

"आमच्या गावी, मुरबाडकडे, थोरल्या भावाची परवान्याची रायफल होती. डुकरं शेतात शिरायची. रजेवर जाताना स्कोप मी नेला. स्वस्तातला, पण चांगला. मीच बसवला, नेम मीच जुळवून दिला. दुसऱ्या दिवशी पहाटे नाचणीत काहीतरी हललं. भावाने नुसतं बघायला म्हणून बंदूक उचलली." यंत्राची घरघर ऐकू येत राहिली. "बाबा होते. घोंगडी पांघरून राखणीला बसलेले. भाऊ तुरुंगातून आला, पण परत कुणाशी बोलला नाही. त्याला सगळं मी शिकवलं होतं, अमेय. तेवढं एक राहिलं."

सुनंदा चहा घेऊन दारात उभी होती. आजोबा विहिरीत पडून गेले, असंच तिला लहानपणापासून सांगितलेलं होतं. तिने ट्रे खाली ठेवला आणि तिथेच जमिनीवर बसली.

"मी घेतो, काका," अमेय म्हणाला. आवाज लहानपणीचा वाटला.

"घे. नाही जमलं तर जाऊ नकोस. आणि मला फोटो पाठवू नकोस."

मोसम सुरू व्हायच्या दोन दिवस आधी काका गेले. तयारीची यादी मीच केली. कुणाला कळवायचं, गाडी, सामान, डॉक्टरचा दाखला. तीनदा वाचली. काही राहिलं नव्हतं. सुनंदाने मुरबाडला, वडिलांच्या थोरल्या भावाच्या घरी कळवायचं का विचारलं. मी तेही लिहिलं. तिकडून कुणी आलं नाही.

शिकारीहून आल्यावर अमेयने फोन केला. मी काही विचारलं नव्हतं.

"काही मिळालं नाही, आई. झाडामागे तपकिरी काहीतरी होतं. पाऊण तास दुर्बिणीतून बघितलं. हरिण होतं की कुणी बसलं होतं, शेवटपर्यंत कळलं नाही. मग अंधारायला लागलं, निघून आलो."

"स्कोपमधून एकदा बघावंसं नाही वाटलं?"

"खूप वाटलं," तो म्हणाला. "पण बंदूक जमिनीकडे होती."