कोऱ्या कापडाची गोधडी

ऑर्लीना कोरं कापड कधी शिवायची नाही. नवं कापड आधी धुवायचं, वाळवायचं, मगच त्याला कात्री लावायची. नाहीतर पहिल्याच धुण्यात गोधडी आटते, लाल रंग पांढऱ्यावर उतरतो आणि सगळे कष्ट पाण्यात. केंटकीच्या त्या डोंगरघळीत एवढ्या एका गोष्टीवरून तिने भल्याभल्या बायकांची खरडपट्टी काढली होती. लेकीच्या, डेल्फियाच्या हातात सुई दिली तीसुद्धा तिला कापड धुवायला शिकवल्यावरच.

आता तीच डेल्फिया पुढच्या खोलीत पलंगाला खिळली होती. डॉक्टरने ऑर्लीनाला बाहेर बोलावून सांगितलं होतं, आठवडाभर, फार तर. ऑर्लीनाने लेकीला सांगितलं, अशक्तपणा आहे, बटाटे लावायच्या दिवसांत उठून हिंडशील. नातीला, ट्रेसीला, तिने लेक्सिंग्टनला मावशीकडे धाडून दिलं. पोरीला बघून आईचा धीर सुटेल म्हणे. डेल्फियाने एकच मागितलं होतं, लाल चांदण्यांची गोधडी. लेकीच्या लग्नात द्यायची ती, पण डेल्फियाने पळून जाऊन लग्न केलं म्हणून ऑर्लीनाने रागाने शिवलीच नव्हती.

गोधडीचं नवं कापड टेबलावर येऊन पडलं. बाहेर पावसाची झड. विहिरीच्या पाण्यात लोखंड इतकं की पांढरं कापड पिवळं पडतं. धुवायचं तर खाली गावातल्या लाँड्रीत न्यायला हवं, म्हणजे दिवस गेला.

"धुवायचं कशाला, वहिनी?" मदतीला आलेली नणंद झेटी म्हणाली. तिच्या तोंडाला कधी झाकण नव्हतंच. "ही गोधडी पुन्हा धुवायची वेळ येणार आहे का?"

"तुझ्या जिभेला काही हाड?"

"नाहीये. पण मी खोटं बोलतेय का, ते सांग."

ऑर्लीनाने कापड हातात घेतलं. धुवत बसावं तर गोधडी पुरी व्हायच्या आत पोर जायची. न धुवावं तर पोरीला कळायचं. पण एवढ्या दुखण्यात कोऱ्या कापडाची खळ कोण तपासत बसतंय, अशी तिने स्वतःची समजूत घातली आणि कात्री उचलली. पहिला तुकडा कापला तेव्हा आपण लेकीला जितेपणी पुरतोय असं तिला वाटलं. रडू दिसू नये म्हणून तिने झेटीला चुलीवरचा घेवडा बघायला पिटाळलं.

स्वयंपाकघरात छताला टांगलेल्या चौकटीवर गोधडी ताणून दोघींनी दिवसरात्र टाके घातले. रविवारी सकाळी ती डेल्फियाच्या अंगावर घातली. त्या घळीत गोधडी मिळाली की बाई आधी काठ चिमटीत धरून चोळते, मग नाकाशी नेते. डेल्फियानेही तेच केलं. चिमूट अजून पक्की होती.

"खळ आहे," ती म्हणाली. "आई, तू धुतलं नाहीस."

"पाऊस होता गं."

"पाऊस असला की तू थांबतेस. ट्रेसीच्या दुपट्याला थांबली होतीस, ती जन्माला आली तरी दुपटं तयार नव्हतं." तिने गोधडीचा काठ सोडला. "डॉक्टर किती दिवस म्हणाला?"



"आठवडा," ऑर्लीना म्हणाली. "तो परवाच संपला."

डेल्फिया रडली नाही. तिला संताप आला, एवढ्याशा जिवात मावेना इतका. "आणि माझी पोर तिकडे ठेवलीस? मला तिच्याशी बोलायचंय, आई. किती बोलायचंय. बोलाव तिला."

झेटीने लगेच फोन केला. रस्ता लांबचा, त्यात पाऊस. ट्रेसी पोचली तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि डेल्फियाची वाचा गेली होती. श्वास तेवढा चालू होता. पोर बुटांसकट गोधडीत शिरली.

"आजी, आईला मला काय सांगायचं होतं?"

इतके दिवस ऑर्लीनाच्या तोंडी थापा तयार असायच्या. आताही एखादी गोडशी थाप देता आली असती, पोरीला जन्मभर पुरली असती.

"ठाऊक नाही, बाळा," ती म्हणाली. "तिने तुला बोलावलं होतं. मीच तुला लांब ठेवलं."

ट्रेसीने तिच्याकडे पाठ फिरवली आणि आईच्या कुशीत तोंड खुपसलं.